नाताळच्या जेवणाला इमू शिजवायचा आहे, अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे (गंभीर धागा)

साक्रीकर_सदा

मंडळी राम राम. प्रश्न जरा वेगळा आहे, हसायचं तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

दरवर्षी २५ डिसेंबरला आम्ही नवापूरला मित्राकडे नाताळचं जेवायला जातो. बी.एड.पासूनची दोस्ती आहे. यंदा आमच्या मंडळींनी परस्पर जाहीर करून टाकलं की दरवेळी त्यांच्याकडे जाऊन काय हात धुवून यायचं, यंदा ते सगळे आपल्याकडे येतील. सगळे म्हणजे त्याचे आईवडील, दोन भाऊ, पोरंसोरं, वर त्यांचे पास्टर, पंचवीसेक पानं होतात. मी मटणाचा भाव विचारून आलो आणि घरी येऊन गुपचूप बसलो.

आता मुद्दा. आमच्या काकांच्या मळ्यात एक इमू आहे. २०११ च्या आसपास इमूचं वारं आलं होतं आठवत असेल, तेल विका कातडं विका पिसं विका, अंडी कंपनी परत घेणार, मटणासाठी फाइव्ह स्टार हॉटेलं लाइन लावून उभी. काकांनी त्या वर्षीचे कपाशीचे पैसे आणि काकूची पाटली दोन्ही त्यात घातलं. पुढे कंपनीचा डायरेक्टर एका रात्रीत गायब, ऑफिसला कुलूप, फोन बंद. बाकीचे पक्षी मेले, काही वाटले, एक उरला. काकांनी त्याचं नावच डायरेक्टर ठेवलं. रोज सकाळी तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभे राहतात आणि जे काय बोलतात ते इथं लिहिलं तर आयडी उडेल. तो बिचारा मान वाकडी करून ऐकून घेतो.

परवा काका म्हणे, "ने त्याला. डिपॉझिट खिशात नाही आलं, पोटात तरी येऊ दे."

तर हा पक्षी शिजतो का, किती वेळ लागतो, आपला काळा मसाला चालेल का, आणि पाहुण्यांना आधी सांगावं का जेवण झाल्यावर?

बट्टीबहाद्दर

ह.ह.पु.वा.!! डायरेक्टरचा रस्सा!

सदाभाऊ, आमच्या आतेभावाचे पण पैसे त्यातच बुडालेत. त्याच्यासाठी एक नळी बाजूला ठेवा, मुद्दल नको, नुसतं व्याज म्हणून.

वरणगावचा_वाघ

भो, हे जेवण नाही ही गुंतवणूकदारांची सर्वसाधारण सभा आहे. सगळ्या बुडालेल्यांना बोलवा, ज्याचे जेवढे शेअर तेवढे पीस.

डॉक्टरसाहेब_गुरांचे (निवृत्त)

सदा, मी नोकरीत असताना हे पक्षी खूप पाहिले आहेत म्हणून गंभीरपणे लिहितो. पूर्ण वाढलेला इमू चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातो त्यामुळे पंचवीस माणसांना पुरेल की नाही ही चिंता सोड, गावाला पुरेल. मटण लाल असतं, कोंबडीसारखं पांढरं नाही, चरबी मांसात जवळपास नाहीच, ती सगळी पाठीवर थरासारखी साठते आणि त्याचंच ते तेल विकायचे. पण कापायचं वय असतं वर्ष-दीड वर्ष. तुझा डायरेक्टर सिनियर सिटीझन आहे. हा शिजणार नाही, तो पेन्शन मागेल. करायचंच असेल तर कच्ची पपई सालीसकट वाटून रात्रभर चोळून ठेव, आणि तरीही दात असलेले पाहुणेच बोलाव.

दुसरं म्हणजे त्याची पोटली बघून उघड. इमू दाणा दळायला खडे गिळतो इथवर ठीक, पण तो खिळे, नटबोल्ट, किल्ल्या, काचेचे तुकडे जे चकाकेल ते गिळतो.

आणि तिसरं, धरायला पुढून जाऊ नकोस. लाथ पुढे मारतो, नखं मोठी असतात, मी एकदा माझ्या कंपाउंडरची पँट फाटलेली पाहिली आहे, आतलं पुढे सांगत नाही.

बट्टीबहाद्दर

पोटलीत ऑफिसच्या कुलपाची किल्ली निघाली तर?

वरणगावचा_वाघ

किल्ली निघाली तर केस रीओपन.

भरीतवाली_बामणोद

काळा मसालाच घाला, दुसरं काही नको. गरम मसाल्याला असलं म्हातारं मटण ऐकत नाही. खोबऱ्याच्या वाट्या सरळ निखाऱ्यावर ठेवायच्या, कडेनं पेट घेऊ द्यायचा, तेल सुटून वाटी आतून बाहेरून काळी झाली की फुंकून विझवायची. कांदे न सोलता अख्खे निखाऱ्यात खुपसायचे, वरचं साल कोळसा झालं की आतला कांदा गोड होतो. मग दगडफूल, धणे, मिरी, लवंग, तेलात परतलेली लाल मिरची आणि हे सगळं पाट्यावर. मिक्सरला लावलं तर मी या धाग्यावर परत येणार नाही. तर्री अशी आली पाहिजे की खाली काय आहे ते दिसूच नये, म्हणजे तुमचा सांगायचं-न-सांगायचं हा प्रश्न पण मिटला.

कळण्याच्या भाकरी करा बरोबर. मेल्या डायरेक्टरला तेवढा मान द्या.

मास्तर_इतिहासाचे

सदाभाऊ, तुम्ही एकटे नाही. नाताळला चमत्कारिक मटण वाढायची फार मोठी परंपरा आहे आणि तिचा मुकुटमणी म्हणजे २५ डिसेंबर १८७०, पॅरिस. प्रशियाच्या फौजेने सप्टेंबरपासून शहराला वेढा घातलेला, तो नव्व्याण्णवावा दिवस. गुरं संपली, घोडे संपत आले, गल्लीत मांजर दिसेना. अशात व्हुआझँ नावाच्या एका भारीतल्या हॉटेलच्या शोरों नावाच्या आचाऱ्याने नाताळचा मेनू काढला, तो असा की सुरुवातीला भरलेलं गाढवाचं डोकं, मग हत्तीचं सूप, इंग्लिश पद्धतीचा भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा, मिरीच्या सॉसमध्ये अस्वलाच्या बरगड्या, लांडग्याची मांडी, आणि माझा सगळ्यात आवडता पदार्थ, मधे मांजर आणि दोन्ही बाजूंना उंदीर. वर काळविटासारख्या हरणाचं ट्रफल घातलेलं काहीतरी. शेवटी चीज. दारू मात्र तळघरातली एकदम ओरिजिनल, १८४६ ची आणि १८५८ ची. म्हणजे प्राणीसंग्रहालय खाल्लं पण वाइनमध्ये तडजोड नाही.

प्राणीसंग्रहालयाला चारा परवडेना म्हणून त्यांनी जनावरं खाटकांना विकायला काढली. कॅस्टर आणि पोलक्स नावाचे दोन लाडके हत्ती होते, पोरं त्यांच्या पाठीवर बसून फिरायची. ते मिळून २७ हजार फ्रँकला गेले. पाणघोड्याची किंमत ८० हजार लावली, गिऱ्हाईक नाही आलं म्हणून तो वाचला. वाघ-सिंह वाचले कारण त्यांना मारायला आत जाणार कोण. आणि माकडं वाचली कारण ती माणसासारखी दिसतात. (माझ्या वर्गातली वाचली त्याचं कारण पण हेच.)

शंकासूर

मास्तर, कॅस्टरला गोळी घातली २९ डिसेंबरला आणि पोलक्सला दुसऱ्या दिवशी. मग २५ तारखेच्या सुपात कोण होतं?

मास्तर_इतिहासाचे

हा प्रश्न विचारून तुम्ही माझी रात्र खराब केली आहे.

वरणगावचा_वाघ

सोपं आहे. लग्नपत्रिकेत "सुरुची भोजन" लिहितात तसं. मेनूवर हत्ती, ताटात जे सापडलं ते.

शंकासूर

तसं असेल तर गाढव नक्की किती डिशमध्ये होतं हा पुढचा प्रश्न.

भुसावळ_प्लॅटफॉर्म_३

आमच्या रेल्वे कॉलनीत लहानपणी शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. गार्डसाहेब होते. ते दसऱ्याच्या सुमारास कुठून तरी एक टर्की आणायचे आणि नाताळपर्यंत अंगणात वाढवायचे. आम्ही पोरं शाळेतून येताना त्याला गव्हाचे दाणे टाकायचो, नाव पण ठेवलेलं. २४ तारखेला संध्याकाळी आंटी सगळ्यांना घरात बोलवून कलकल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) वाटायच्या आणि तेवढ्यात मागच्या अंगणात काम उरकायचं. त्या कलकलची चव मला अजून आठवते, आणि खाल्ल्याबद्दल अजून कसंतरी होतं, पण तरी आठवते. दुसऱ्या दिवशी घरी डबा यायचा. आई म्हणायची कोंबडी आहे. आम्ही खायचो.

नवापूरकर_५०६

सदा, मी वाचतोय रे.

साक्रीकर_सदा

अरे तू इथं कधीपासून आहेस?

नवापूरकर_५०६

तुझ्या आधीपासून. आणि आईला वाचून दाखवला धागा. ती म्हणाली सदाच्या घरची परिस्थिती एवढी खराब झाली असेल तर आपणच घेऊन जाऊ.

आता ऐक. नवापूरच्या माणसाला पक्ष्याचं कौतुक सांगू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडे सापडला. आख्ख्या तालुक्यात पांढरे कपडे घातलेली माणसं फिरत होती, लाखांनी कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. दिल्ली-मुंबईचे टीव्हीवाले आमच्या बसस्टँडवर उभे. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या गावचं नाव सांगितलं की समोरचा दोन पावलं मागं सरकायचा. २०२१ ला परत तेच. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही पक्ष्याला ताटात घ्यायच्या आधी त्याची तब्येत विचारतात. तुझा डायरेक्टर शिंकत नाही ना?

आणि मास्तर, तुमचा तो मेनू वाचला. एक सांगतो, राग मानू नका. आमच्या आजोबांच्या पिढीत भात कापून झाला की शेतातले उंदीर धरून भाजून खायचे आणि चवीने खायचे, धान्यावर पोसलेला उंदीर, काय वाईट असतो. पण ते सांगितलं की शहरातला माणूस तोंड असं करतो की बस. आणि पॅरिसवाल्याने मांजराशेजारी उंदीर ठेवून वर फ्रेंचमध्ये नाव लिहिलं की तुम्ही त्याला मुकुटमणी म्हणता. आजोबांकडे फक्त वाइन नव्हती. म्हणजे होती, मोहाची होती, पण वर्ष लिहून ठेवत नव्हते.

मास्तर_इतिहासाचे

दंडवत. मुद्दा मान्य, मुकुटमणी परत घेतो.

बट्टीबहाद्दर

+१ मोहाच्या व्हिंटेजला.

वकील_धुळे

धागा रंगतोय तसा खाली कोणीतरी "आमच्याकडे घोरपड मिळते", "तितर मिळतो", "ससा आणून देतो" लिहिणार हे मला माहीत आहे म्हणून आधीच लिहून ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. घोरपड आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत, तीन ते सात वर्षं. रानातला ससा, तितर, लावा हेही कायद्याखाली येतात. नाताळचं जेवण जेलमध्ये पण मिळतं पण त्यात मटण नसतं. इमू परदेशी पाळीव पक्षी, तो या कायद्यात येत नाही. पण मळ्यात कुऱ्हाड घेऊन मागे धावणं हा वेगळा विषय आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे तो वाचा.

रानवारा_शहादा

वकीलसाहेब, आमच्याकडे घोरपड मिळते असं मी लिहिणारच होतो, गंमत म्हणून. डिलीट केलं.

जय_अमळनेर

एवढं कशाला, सरळ मोठ्याचं आणा आणि

संचालक

प्रतिसाद संपादित केला आहे. हा विषय इथं निघाला की धागा कुठं जातो हे सगळ्यांना माहीत आहे. इमूपुरतं बोला.

पापडखार

युरोपात आपल्याला वाटतं तसं सगळीकडे टर्की नसते. धुळे-नंदुरबारकडे शंभरएक वर्षांपूर्वी स्वीडिश मिशनरी आले होते ना, त्यांच्या देशात नाताळला लुटफिस्क खातात. सुकवलेला मासा घ्यायचा, पाण्यात भिजवायचा, मग कॉस्टिक सोड्यासारख्या खारात भिजवून ठेवायचा, मग तो खार जावा म्हणून परत पाण्यात. शेवटी मासा जेलीसारखा थरथरतो. मासा वाळवणीत, पापडखार वेगळा, आणि हे दोन्ही एकत्र करायची बुद्धी कोणाला पहिल्यांदा झाली असेल याचा मी विचार करत असतो. शेजारी नॉर्वेत पश्चिमेकडे नाताळच्या आधी मेंढीचं अख्खं डोकं खातात, अर्धं करून, मीठ लावून वाळवून वाफवलेलं. कान आणि डोळा आधी संपवायचा कारण तिथली चरबी थंड झाली की मजा जाते.

वरणगावचा_वाघ

मुंडीच की हो. त्यात काय. आमच्याकडे मुंडी दर रविवारी असते, त्यासाठी येशूच्या जन्माची वाट बघत नाही.

पापडखार

आणि जपानमध्ये १९७४ पासून नाताळ म्हणजे केएफसी. बादलीचं महिनाभर आधी बुकिंग. आता बोला.

शाकाहारी_पण_वाचतो

इथं सगळे डायरेक्टरसाठी हळहळताहेत. वांग्यासाठी कोणी रडलंय का? जिवंत झाडावरून तोडायचं, कपाशीच्या काड्यांवर जाळायचं, चटके देत साल सोलायची, बडगीत घालून लाकडाने ठेचायचं, वर हिरव्या मिरचीची जखमेवर फोडणी. आणि मग म्हणायचं आम्ही अहिंसक.

भरीतवाली_बामणोद

अहो असं लिहू नका, मला उद्या दहा किलो करायचंय.

अहिरानी_बोल

सदाभो, माले एक सांग, त्याले कापी कोन? गावना खाटीक तयार शे का?

साक्रीकर_सदा

खाटीक येऊन बघून गेला. त्याने डायरेक्टरकडे पाहिलं, डायरेक्टरने वरून त्याच्याकडे पाहिलं. पाच-साडेपाच फूट उंची आहे. खाटीक म्हणाला बोकड मान खाली घालतो भाऊ, हा डोळ्यात बघतो, मला जमणार नाही. शेवटी डबल रेट सांगून २४ तारखेला सकाळी ये म्हणालोय.

मास्तर_इतिहासाचे

सदाभाऊ, जाता जाता अजून एक. १९३२ साली ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पिकात इमू घुसले म्हणून सरकारने मेजर मेरेडिथच्या हाताखाली सैनिक पाठवले, दोन लुइस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या घेऊन. इमू पांगायचे, पळायचे, गोळ्या खाऊनही पळायचे. सरकारने काही दिवसांत फौज मागे घेतली. तुमच्याकडे एक खाटीक आहे. शुभेच्छा.

अहिरानी_बोल

काय व्हयनं भो मंग? डायरेक्टर शिजना का नही?

साक्रीकर_सदा

अपडेट. बसून लिहितोय कारण उभं राहवत नाही.

आज सकाळी खाटीक, त्याचा पोऱ्या, मी आणि दोन गडी. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं पुढून जाऊ नका, म्हणून मागून गेलो. पण डायरेक्टरची मान मागे फिरते आणि मानेबरोबर तो पण फिरतो, त्यामुळे आम्ही जिथं गेलो ती बाजू पुढचीच होती. मला मांडीला बसली, खरचटलंय, हाड शाबूत आहे. खाटकाने सुरा टाकून बाभळीवर आश्रय घेतला. या गडबडीत फाटकाची कडी निघाली.

डायरेक्टर पळाला.

हरभऱ्यातून सरळ कॅनॉलच्या रस्त्याला लागला, एक गडी मोटारसायकलवर मागे गेला, तो सांगतो काटा पंचेचाळीसला होता आणि अंतर वाढतच होतं.

बट्टीबहाद्दर

दुसऱ्यांदा!!! मेलो मेलो

वरणगावचा_वाघ

काही म्हणा, नाव बरोबर ठेवलं होतं काकांनी.

साक्रीकर_सदा

पुढचं ऐका. काका पोलीस स्टेशनला गेले तक्रार द्यायला. ठाणे अंमलदाराने विचारलं काय हरवलं. काका म्हणाले डायरेक्टर पळून गेला. त्याने विचारलं कुठल्या कंपनीचा. काकांनी सांगितलं. तो म्हणाला आजोबा ती केस जुनी आहे, आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. अर्धा तास दोघं एकमेकांना समजावत होते.

वकील_धुळे

तक्रारीची पोच घेतली का? असू दे जवळ.

नवापूरकर_५०६

इथं सगळ्यांच्या माहितीसाठी. काल जेवण झालं. आईने पाच गावठी कोंबडे कापून, मसाला लावून पातेल्यातच घालून आणले होते, तिला आधीपासून खात्री होती. वहिनींनी शेवभाजी, भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या. डायरेक्टरसाठी पाट्यावर वाटलेला काळा मसाला होता तो कोंबड्यांना गेला आणि खरं सांगतो, कोंबड्यांचं भाग्य उजळलं. पास्टरसाहेबांनी प्रार्थनेत अन्नाबद्दल आभार मानले आणि जे अन्न ताटात आलं नाही त्याच्या सुखरूप प्रवासासाठी पण एक वाक्य घातलं. काकांनी आमेन म्हटलं. मोठ्याने.

रानवारा_शहादा

काकांना चुकल्यासारखं होत असेल ना आता सकाळी?

साक्रीकर_सदा

आज तांब्या घेऊन गेले होते गोठ्याकडे. थोडा वेळ थांबले आणि मग मलाच बोलले.

कापडणेकर

अहो, आमच्या आईने काल संध्याकाळी कांद्याच्या वावरात एक उंच बाई काळी घोंगडी घेऊन उभी आहे असं सांगितलं. आम्ही भुताटकी समजून गेलोच नाही. आता धागा वाचला.

डॉक्टरसाहेब_गुरांचे

तोच. मागे लागू नका, घाबरवू नका. चकचकीत काही दिसलं की तो आपणहून जवळ येतो. काकांना सांगा काहीतरी चमकणारं हलवून बोलवा.

साक्रीकर_सदा

काकूला विचारलं. म्हणाली चमकणारं होतं ते २०११ सालीच दाखवून झालं.

गुडघा_त्रस्त

पूर्ण धागा वाचला नाही, लांब आहे. इमूचं तेल सांधेदुखीला खरंच चालतं का, आणि साक्रीत कोणाकडे मिळेल? आईसाठी हवं होतं.